टूरवरून आणलेल्या गाण्यांचं आता काय करायचं

अगं,

दुसऱ्या अल्बमसाठी टूरवर लिहिलेली तुझी बाराही गाणी ऐकली. एकदा सलग, मग दोन दिवस जाऊ दिले आणि परत एकदा. गिटारवरचा उजवा हात कसला पक्का झालाय तुझा! रोज रात्री वाजवल्याचा फायदा स्पष्ट ऐकू येतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की ह्याला काहीच आवडलेलं दिसत नाही.

तर बारापैकी सात गाण्यांमध्ये तू दमलेली आहेस. हॉटेलची खोली, हायवे, मागे पळणारे दिवे, घरी कोणीतरी वाट बघतंय, उद्या परत निघायचंय. सगळं खरं आहे, तू ते जगली आहेस, मान्य. पण ऐकणारा माणूसही दिवसभराच्या कामाने दमूनच तुझं गाणं लावतो ना, मग तुझं दमणं त्याच्या दमण्यापेक्षा भारी आहे असं त्याने का मानावं? त्यात परत तू तुझ्या आवडीचं काम करून दमतेस आणि शेवटी लोक टाळ्या वाजवतात, त्याच्या कामाला कोण टाळ्या वाजवतंय.

आणि हे फक्त तुझं होतंय असं नाही, दुसऱ्या अल्बमला बहुतेकांचं होतं. पहिल्या अल्बमसाठी आख्खं आयुष्य मिळालेलं असतं, दुसऱ्यासाठी मिळतात त्या दोन शोमधल्या फटी, आणि त्या फटीतून दिसणार काय तर व्हॅन, ग्रीन रूम, साउंडचेक आणि पलंग. मग तेच लिहिलं जातं. गाणी वाईट होतात असं पण नाही, फक्त सगळ्यांची एकसारखी होतात.

म्हणून रस्त्यावर लिहूच नकोस असं म्हणत नाहीये मी. जॅक्सन ब्राऊन ह्या अमेरिकन गायकाचा 1977 चा 'रनिंग ऑन एम्प्टी' अल्बम ऐक, म्हणजे ऐकला असशीलच, पण आता ह्या कानांनी ऐक. तो स्टुडिओत केलेलाच नाही, स्टेजवर, हॉटेलच्या खोल्यांमध्ये, बॅकस्टेजला आणि चक्क चालत्या बसमध्ये रेकॉर्ड केलाय, आणि गाणीही आधी त्याच्या कुठल्या अल्बमवर नसलेली. पण शेवटाकडे सगळ्यात लक्षात काय राहतं तर शो संपल्यावर सामान आवरणारी माणसं. गायक स्वतः बाजूला उभा राहून त्यांच्याकडे बघतोय, एवढंच. जोनी मिचेल ह्या गायिकेच्या 1976 च्या 'हेजिरा' अल्बममधली बरीच गाणी तिने गाडीने अमेरिका पार करताना लिहिली, मेन राज्यापासून लॉस एंजेलिसपर्यंतचा परतीचा प्रवास तर एकटीने. त्यातल्या एका गाण्यात ती अमेलिया इअरहार्टशी बोलते, ती वैमानिक, 1937 मध्ये पॅसिफिकवर नाहीशी झाली ती. म्हणजे सांगायचं आहे स्वतःच्याच एकटेपणाबद्दल, पण बोलायला समोर दुसरी एक प्रवासी बाई आणून बसवली, आणि तेवढ्याने गाण्यातली किरकिर गेली.

तुझ्याकडे असं एक गाणं आहे, चौथं, लाइटवाल्याचं. तो शिडीवर चढून एकेक दिवा काढतोय आणि तुला विचारतो की आज तू कुठलं गाणं गाळलंस. ही ओळ तुला हॉटेलात बसून सुचली नसती, ती त्या माणसाने दिली. त्या दमलेल्या सात गाण्यांना एवढंच विचार, ह्यात तुझ्याशिवाय अजून कोण आहे? ज्यात कोणीच सापडणार नाही ती बाजूला ठेव, पुसू नकोस, पण अल्बममध्ये घालू नकोस. हॉटेलच्या खोलीचं एक राहू दे, पाचवं, त्याची चाल फार गोड आहे.

आणि घरच्या माणसावर लिहिलेली दोन गाणी आहेत ना, ती बाहेर जायच्या आधी त्या माणसाला ऐकव. कायद्याचा प्रश्न नाहीये, तुझ्याकडे माइक आहे आणि त्याच्याकडे नाही म्हणून सांगतोय. शिवाय टूरची अर्धी गोष्ट घरातच घडत असते आणि ती तुला माहीत नसते. ऐकवल्यावर तो काहीतरी बोलेल, कदाचित चिडेल, आणि चिडून जे बोलेल ते तुझ्या दुसऱ्या कडव्यापेक्षा चांगलं निघायची बरीच शक्यता आहे.

आता मला खरं जे बोलायचंय ते. टूर हा विषय म्हणून दोन-तीन गाण्यांत संपतो, पण रोज रात्री अनोळखी लोकांसमोर तेच गाणं म्हणून म्हणून त्या गाण्याचं जे होतं ते सोनं आहे, आणि तू नेमकं तेच फेकून द्यायला निघालीयेस. पाठवलेले डेमो, म्हणजे ही कच्ची रेकॉर्डिंग, गाणी पहिल्यांदा लिहिलीस त्या वह्यांवरून केलेत ना? मला लगेच कळलं. कारण तू टूरच्या शेवटच्या शोचा व्हिडिओ पाठवला होतास त्यात नवव्या गाण्याचं तिसरं कडवं तू म्हणतच नाहीस, ब्रिजवरून, म्हणजे मधल्या वेगळ्या चालीच्या तुकड्यावरून, थेट ध्रुवपदावर येतेस, आणि गाणं तिथे असं काही उघडतं! डेमोमध्ये मात्र ते कडवं परत आलंय, कशाला? सपोर्ट स्लॉटमध्ये, म्हणजे मुख्य कलाकाराच्या आधी, अर्धा तास मिळतो, लोक आपापसात गप्पा मारत असतात, त्यांना तुझं नाव पण माहीत नसतं, अशा खोलीत जे कडवं जगत नाही ते तू आपोआप गाळलंस. तुझ्या डोक्याआधी तोंडाला कळलं. त्याचं ऐक.

तर वह्या बंद कर आणि शोची रेकॉर्डिंग काढ. साउंडवाल्याकडून मिक्सरची घेतली असशील तर एक लक्षात ठेव, छोट्या जागेत ड्रम आणि गिटारचे अँप तसेच, मोठ्या स्पीकरशिवायच ऐकू येतात म्हणून ते मिक्सरमधून कमी दिलेले असतात, त्यामुळे त्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज एकदम पुढे आणि उघडा वाटतो आणि ऐकून उगाच रडू येतं. खोलीत मागे ठेवलेल्या फोनचं रेकॉर्डिंग बेसूर-बिसूर वाटलं तरी जास्त प्रामाणिक असतं, त्यात लोक गप्प कधी झाले ते ऐकू येतं. एकाच गाण्याची पहिल्या आठवड्यातली आणि शेवटच्या आठवड्यातली रेकॉर्डिंग समोरासमोर ठेव आणि काय बदललंय ते लिहून काढ. कुठला शब्द बदलला, कुठे श्वास घ्यायला लागलीस, कॅपो, म्हणजे तारा दाबून पट्टी चढवणारा तो गिटारचा चिमटा, कुठून कुठे गेला, पट्टी उतरवलीस का, लय किती वाढली.

लयीचं मात्र जपून. स्टेजवर गाणं पळतंच, अंगात वारं भरलेलं असतं, समोर माणसं असतात, आणि तिथे ते बरोबर पण वाटतं. पण हेडफोन लावून एकटा बसलेल्या माणसाला तीच लय ढकलल्यासारखी लागते. म्हणजे शब्द शेवटच्या शोचे घे, चालीतले बदल शेवटच्या शोचे घे, पट्टीही तीच ठेव, पण लय थोडी मागे ओढ. किती ते कोणी सांगू शकत नाही, तीन वेगवेगळ्या लयींत गाऊन बघ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐक. रात्री ठरवू नकोस, रात्री सगळंच संथ आवडतं.

आवाजाबद्दल. डेमोतला तो खरखरीतपणा तुला आवडलाय, हो ना? मला पण लाइटवाल्याच्या गाण्यात आवडला. बाकी ठिकाणी तो फक्त थकलेला घसा आहे आणि वरचा सूर गाठताना ताण सरळ ऐकू येतो, त्याला कॅरेक्टर म्हणायचं नाही. आणि घसा शोमुळे बसतो असं तू समजतेस पण शो असतो फार तर तासभराचा, व्हॅनमधल्या गप्पा सहा तासांच्या. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवून बोलतो, 1911 मध्ये एतिएन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हे मांडलं, आजही त्याला लोंबार इफेक्टच म्हणतात. गाडीत इंजिन, वारा, गाणी चालू, आणि त्यावरून तू मागच्या सीटवरच्याशी बोलतेस, घसा तिथेच जातो. आवाज बसल्यावर कुजबुजणं हा पण काही आराम नसतो, बरेचदा त्याने जास्त ताण येतो, त्यापेक्षा गप्प बस. स्टुडिओची तारीख टूर संपल्यावर निदान दोन-तीन आठवड्यांनी घे. आणि बसलेला घसा तीन-चार आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला स्वरयंत्र दाखव, काढे पीत बसू नकोस.

हॉटेलच्या खोलीतच आख्खा अल्बम रेकॉर्ड करायची तुझी आयडिया. रोमँटिक आहे, वाईट नाही, पण सगळा नको. पाचवं गाणं तिथे कर कारण ते तिथलंच आहे. घरघर नको म्हणून फ्रिजचा प्लग काढ आणि निघताना परत लावायला विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेव, जुनी ट्रिक आहे पण चालते. एसी बंद, पडदे ओढलेले, गादी उभी करून पाठीमागे. रेकॉर्डिंगची सेटिंग 24 बिट ठेव म्हणजे लेव्हल कमी ठेवली तरी चालते, उगाच लाल दिव्यापर्यंत नेऊ नकोस. आणि गाण्याआधी अर्धा मिनिट काहीच न करता नुसती खोली रेकॉर्ड करून घे, पुढे दोन टेक जोडताना मधे जी भोकं पडतात ती भरायला तीच शांतता लागते, प्रत्येक खोलीची वेगळी असते.

बाकी स्टुडिओत, पण गिटार आणि आवाज एकदमच. आधी क्लिकवर, म्हणजे कानात ठरावीक लयीची टिकटिक लावून, गिटार आणि मग त्यावर गाणं, असं तुझ्या गाण्यांना करू नकोस, तू ओळीच्या शेवटी थांबतेस आणि गिटार तुझ्यासाठी थांबते, ते क्लिकवर मरेल. हो, मग आवाजाच्या माइकमध्ये गिटार शिरणार आणि गिटारच्या माइकमध्ये आवाज, एक चूक झाली की पूर्ण टेक परत. त्यावर उपाय आहे, फिगर-एट माइक मागव. तो पुढून आणि मागून ऐकतो आणि कडेने जवळजवळ बहिरा असतो, आवाजाच्या माइकची बहिरी बाजू गिटारकडे कर, गिटारच्या माइकची तोंडाकडे. शंभर टक्के वेगळं होत नाही पण मिक्सिंग करणारा आयुष्यभर आभार मानेल. आणि गिटार टूरभर दमट-कोरड्या हवेत फिरली आहे, तिला काही दिवस 45 ते 55 टक्के आर्द्रतेत राहू दे, मग तिचा सेटअप, म्हणजे मान आणि तारांची उंची नीट, करून घे. तारा रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी बदलू नकोस, दोन-तीन दिवस आधी बदल, नव्या तारांचा आवाज फार चमकतो आणि त्या सुरात राहत नाहीत.

फोनमधल्या त्या व्हॉइस मेमोंना नावं दे ना बाई. 'नवीन रेकॉर्डिंग 143' उघडलं, मस्त चाल आहे, पण ट्यूनिंग कुठलं होतं, म्हणजे तारा कुठल्या सुरांना लावल्या होत्यास? डॅडगॅड का ओपन जी? तुला आठवत नाहीये, मला ऐकून निम्मंच कळतंय. यापुढे मेमोच्या सुरुवातीला तोंडाने बोल, ट्यूनिंग अमुक, कॅपो तमुक, गाव अमुक, आणि मग वाजव.

क्रम लावताना टूरचा रूट लावू नकोस, ते नकाशा म्हणून छान दिसतं पण ऐकणाऱ्याला रूट माहीतच नसतो. एलपी, म्हणजे मोठी तबकडी, काढायचीच असं ठरलं असेल तर एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं धर, त्याहून जास्त कोंबलं की आवाज बारीक करावा लागतो. म्हणजे नऊ-दहा गाणी. लाइटवाल्याने सुरुवात कर असं मला वाटतं, तुझ्या मॅनेजरला वेगळं वाटेल, त्याच्याशी भांडायचं का ते तू बघ.

आता हिशोबाचं. सेटलिस्ट, म्हणजे प्रत्येक शोच्या गाण्यांच्या याद्या, जपून ठेवल्या असतील अशी आशा आहे. आपली गाणी आपण स्टेजवर म्हटली तरी लेखक-संगीतकार म्हणून त्याची रॉयल्टी बऱ्याच ठिकाणी असते, पण गाणी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे नोंदवलेली हवीत आणि कुठल्या शोला काय म्हटलं ते कळवावं लागतं. ते कंटाळवाणं काम ह्या महिन्यात उरक.

आणि शेवटचं, नवव्या गाण्याचा तो ब्रिज. तूच सांगितलंस की व्हॅनमध्ये बास गिटारवाल्याने तो सुचवला, आधी गाण्यात नव्हताच. मग तो नुसता वादक राहिला नाही, त्या गाण्यात त्याचा वाटा आहे, किती ते तुम्ही दोघं ठरवा आणि लिहून सही करा, एक साधं पान पुरे. हा विषय ह्याच आठवड्यात काढ. अजून एक रुपया आलेला नाही तोवर हे दहा मिनिटांचं बोलणं आहे, गाणं चाललं आणि मग काढलंस तर वकील लागेल.

नवव्याचं तिसरं कडवं काढून, लय मागे घेऊन, नवा डेमो पाठव. फोनवर केलास तरी चालेल.

तुझा,
दादा