दादाचा पालक कोण?

न्यू जर्सीहून एका मुलीचं पत्र आलंय. भाऊ ३९ वर्षांचा, स्वमग्न, आईबाबांजवळ गंगापूर रोडला. ती लिहिते, ‘दादासाठी नाशिकमध्ये चांगला ग्रुप सुचवा. आईबाबा थकलेत. मी इथून सगळं शोधतेय, एक्सेल शीटच केलीय.’

एक्सेल शीट! अगं, मस्कतला बसून मीही केली होती. आपल्याला लांबून तेवढंच करता येतं ना. पण तुझ्या शीटमध्ये एक रकाना नाही: दादाचा पालक कोण?

‘बाबाच की,’ म्हणशील. कायद्याने नाही. मूल अठराचं झालं की आईबापाचं पालकत्व आपोआप चालू राहत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल, तर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. कलेक्टर त्या समितीवर असतात.

माझे पंचवटीतले काका ‘मी आहे ना’ म्हणत गेले. तेरावं झालं आणि मी त्यांच्या मुलाला, बाळूला, घेऊन बँकेत. पासबुक त्याने पोटाशी घट्ट धरलेलं. सही कर म्हटल्यावर त्याने एकेक अक्षर सावकाश लिहिलं, मग शिरोरेघ ओढली, ती वाकडी गेली म्हणून पुन्हा गिरवली. मागे रांग चुळबुळत होती. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, गार्डियनचं सर्टिफिकेट आणा.’ माझी रजा तीन आठवड्यांची, कागदाला लागले सात महिने. तोवर काकूने पाटल्या मोडल्या.

आणि तू तर पत्राच्या शेवटी सहज लिहिलंयस, ‘मागच्या वर्षी सिटिझनशिप घेतली.’ मग तुझं नाव विसर. पालक भारताचा नागरिक आहे का, हे समिती बघते. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते, नागरिकत्व नव्हे. बाबा चालतेफिरते आहेत तोवर त्यांनी अर्ज करावा, आणि त्यांच्यामागे कोण, हेही आत्ताच बोलून ठेवा. दर रविवारी दादाला गोदाघाटावर नेणारा तो मामेभाऊ, त्याला विचार. पण भिडेखातर हो म्हणायला लावू नकोस. सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची, पुढे दरवर्षी हिशेब, हे त्याला आधी सांग.

दादालाही विचारा हं. पालक मुळात हवा का, आणि कशाकशापुरता, हे समितीने तपासायचं असतं. आमचा बाळू भाजीचे सुटे पैसे चोख मोजून घेतो, भाजीवाली चुकली तर तिला थांबवतो. त्याचं अडतं ते फक्त बँकेत. ‘त्याला काय कळतंय’ हे वाक्य तुझ्या पत्रात दोनदा आलंय, ते खोडून टाक.

ग्रुपचं म्हणशील तर रजनीताई लिमये यांनी १९७७ साली सुरू केलेली प्रबोधिनी, विशेष मुलांसाठीची संस्था, नाशिकला कोणीही दाखवेल. तिथे आईला एकदा घेऊन जा. मुलांना सोडायला आलेल्या बायका बाहेर बोलत उभ्या असतात, त्यांच्याकडून तिला जे कळेल ते तुझ्या शीटमध्ये यायचं नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर काढा, ‘निरामय’ आरोग्य विम्यालाही ते लागेल. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं. तुला स्वतःला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा त्रास, आहे का असंही विचारलंयस, ते तिकडे न्यू जर्सीच्या डॉक्टरला विचार, मला नको. आणि तुझ्या मुलाला मामाबद्दल काय सांगायचं, म्हणतेस? मामाशेजारी बसव त्याला, दोघं बघून घेतील.

दिवाळीत येणार म्हणतेस. त्या आठवड्यात सरकारी कचेऱ्यांना मधेमधे सुट्ट्या असतात. तिकीट पुढचं काढ.