एकच स्ट्राँग गोळी का नाही?

प्रश्न: बाबांना टीबी झालाय, एकदम चार औषधं चालू आहेत. एकच स्ट्राँग दिली तर नाही का चालणार? शरीराला सवय लागते म्हणतात ना.

उत्तर: सवय शरीराला नाही लागत हो, बदलतो तो जंतू, आणि तोसुद्धा औषध बघून बदलत नाही. जंतूचे दोन होताना डीएनए कॉपी करायचा असतो, त्यात चुका होतात, आणि साधारण दहा कोटींत एखादा जंतू असा निघतो की रिफाम्पिसिन (चार औषधांतलं एक) जिथे चिकटतं ती जागाच त्याची बदललेली असते, म्हणजे औषध सुरू व्हायच्या आधीच तो तिथे बसलेला असतो. आयसोनियाझिडला (हेही त्या चारांतलंच) दाद न देणारा तर दहा लाखांत एक. फुप्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू, मग एकच औषध दिलं की बाकीचे मरतात आणि हा पठ्ठ्या मोकळ्या रानात वाढतो. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिन या टीबीच्या जुन्या औषधाच्या चाचणीत हेच झालं, पेशंट आधी सुधारले, मग बऱ्याच जणांत औषध चालेना. दोन्ही औषधांना पुरून उरणारा जंतू आपोआप निघणं फारच दुर्मिळ, म्हणून एकत्र देतात. बाबांना महिन्याभरात बरं वाटेल, तेव्हा गोळ्या सोडू देऊ नका, काही जंतू सुस्त पडून असतात.