क्षमा केली, म्हणजे दावा मागे घ्यायचा का?

प्रश्न : वडील अंथरुणाला खिळलेले असताना चुलतभावाने त्यांचा अंगठा घेऊन हक्कसोडपत्र करून घेतले आणि सातबाऱ्यावरून आमचे नाव गेले. आता दिवाणी दावा चालू आहे. चुलतभाऊही आमच्याच मंडळीचा (चर्चचा) सभासद आहे. पाळकसाहेब मला वारंवार सांगतात, "ताई, वैऱ्यावर प्रीती करा, दावा काढून घ्या." मला मात्र त्याला पाहिले की अंगाची आग होते. माझा विश्वास कमी पडतो का?
— एक भगिनी, श्रीरामपूर

उत्तर : अंगाची आग होणे हा अविश्वास नव्हे. कितीतरी स्तोत्रांत भक्तांनी असाच संताप देवापुढे जसाच्या तसा मांडला आहे.

डोंगरावरील प्रवचनात येशूने सूड नाकारला, उजव्या गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करण्यास सांगितले आणि छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याची आज्ञा दिली (मत्तय ५:३८-४८). यात पळवाट काढता येणार नाही. परंतु प्रमुख याजकापुढे एका शिपायाने त्यालाच चपराक मारली, तेव्हा तो गप्प राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरे बोललो असेन तर मला का मारतोस, असे त्याने विचारले (योहान १८:२३). त्याने हात उगारला नाही, पण अन्यायावर पांघरूणही घातले नाही.

साताच्या सत्तर वेळा क्षमा करण्याचे वचन मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे, हे सर्वांना पाठ असते. त्याच अध्यायात, त्याच्या थोडे आधी, अपराध करणाऱ्या भावाकडे प्रथम एकट्याने जावे, त्याने ऐकले नाही तर एक-दोघांना सोबत न्यावे आणि तरीही न ऐकल्यास मंडळीला कळवावे असा क्रम दिला आहे, तो मात्र फारसा कोणी सांगत नाही. तेव्हा पाळकसाहेबांना नम्रपणे विचारा की ते तुमच्यासोबत चुलतभावाच्या घरी येतील का. विश्वासणाऱ्यांनी एकमेकांवर फिर्यादी करू नयेत, त्यापेक्षा अन्याय सोसावा, असे प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो खरे (१ करिंथ ६:१-८). पण भावाभावांचा निवाडा करू शकेल असा एकही शहाणा मनुष्य तुमच्यात नाही काय, असा जाब त्याने मंडळीलाही विचारला आहे, आणि अन्याय करून भावाला नाडणाऱ्यांनाही त्याने सोडलेले नाही. नाडलेल्या बाईलाच क्षमेचा उपदेश करणे सोपे असते. हक्कसोडपत्र करून घेणाऱ्याला पश्चात्तापाचा उपदेश कोणी केला, हे मला तुमच्या पत्रात दिसले नाही.

मंडळीत निवाडा झालाच नाही, तर क्षमा आणि दावा एकत्र चालू शकतात, असे माझे मत आहे. ओडिशातील मनोहरपूर गावी जानेवारी १९९९ मध्ये कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन लहान मुलगे गाडीत झोपलेले असताना जमावाने त्यांना जिवंत जाळले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि त्या पुढेही बारीपदा येथे कुष्ठरोग्यांमध्ये काम करीत राहिल्या. खटला मात्र थांबला नाही. मुख्य आरोपीला २००३ मध्ये फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिची जन्मठेप केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती कायम ठेवली. ग्लॅडिस यांनी सुडाचा हक्क सोडला होता; गुन्ह्याचा निकाल न्यायालयाकडे होता. पौलही आधी सूड देवावर सोपवण्यास सांगतो आणि लगेच पुढच्या अध्यायात दंड देण्याचे काम शासनाकडे असल्याचे लिहितो (रोम १२:१९, १३:४).

राहिला प्रश्न प्रीतीचा. चुलतभावाबद्दल माया वाटलीच पाहिजे, अशी आज्ञा नाही. निर्गम २३:४ मध्ये शत्रूचा चुकलेला बैल दिसला तर तो त्याच्याकडे पोहोचता करावा असे सांगितले आहे. बैल हाकून नेताना मनात काय असावे, याबद्दल तेथे एक शब्दही नाही. तुम्हीही कोर्टात खरे तेवढेच सांगा, वकिलाने सुचवले तरी पदरचे काही घालू नका, भावकीत त्याच्या मुलांविषयी वाईट बोलू नका, आणि त्याच्या घरी आजारपण आले तर जाऊन या. दावा चालू असतानाही एवढे करता येईल.