दोन्ही परवाने खुले, तरी एकत्र चालत नाहीत

प्रश्न : आम्ही दुकानदारांसाठी हिशेबाचा प्रोग्राम तयार करत आहोत. त्यातील एका लायब्ररीचा (तयार कोडच्या संचाचा) परवाना जीपीएल, म्हणजे जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स, आवृत्ती 2 असून, सर्व्हरशी सुरक्षित संपर्कासाठी ओपनएसएसएल 3.0, म्हणजे अपाची 2.0 या दुसऱ्या खुल्या परवान्याची लायब्ररी जोडली आहे. हे दोन परवाने परस्परांशी जुळत नाहीत, असे एक सहकारी म्हणतात. आमचा कोड आम्ही खुला करणारच आहोत. मग अडचण कोणती?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सहकाऱ्यांची शंका रास्त आहे. कोड खुला केल्याने जीपीएलची एक अट पूर्ण होते, सर्व होत नाहीत. 1991 च्या आवृत्ती 2 मधील सहाव्या कलमानुसार, प्रोग्राम पुढे देताना घेणाऱ्याच्या हक्कांवर त्या परवान्यात नसलेले कोणतेही जादा निर्बंध लादता येत नाहीत. उलट 2004 च्या अपाची 2.0 मध्ये अशी तरतूद आहे की, या सॉफ्टवेअरमुळे आपल्या पेटंटचा भंग होतो असा दावा जो न्यायालयात दाखल करील, त्याला त्या सॉफ्टवेअरपुरता मिळालेला पेटंटचा परवाना संपुष्टात येतो. ही तरतूद माझ्या मते वाजवीच आहे. परंतु आवृत्ती 2 मध्ये ती नसल्याने जीपीएल तयार करणारी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था तिला जादा निर्बंध मानते. 2007 च्या आवृत्ती 3 मध्ये ही अडचण दूर झाली, तीही एकाच दिशेने : अपाची 2.0 चा कोड जीपीएल 3 च्या प्रोग्राममध्ये घेता येतो, मात्र एकत्रित प्रोग्राम जीपीएल 3 खालीच द्यावा लागतो.

म्हणून प्रथम त्या लायब्ररीच्या प्रत्येक सोर्स फाइलचा मथळा (सुरुवातीची परवान्याची टीप) वाचावा. केवळ परवान्याची फाइल पाहून भागत नाही, कारण परवाना ‘फक्त आवृत्ती 2’ असो वा ‘आवृत्ती 2 किंवा नंतरची’, तिच्यातील मजकूर तोच असतो. मथळ्यात ‘आवृत्ती 2 किंवा नंतरची कोणतीही’ अशा अर्थाचे शब्द असतील, तर आपण आवृत्ती 3 निवडावी. प्रश्न तिथेच मिटतो. लिनक्स कर्नलप्रमाणे (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याप्रमाणे) ‘फक्त आवृत्ती 2’ असेल, तर मात्र लायब्ररीच्या सर्व हक्कधारकांकडून ओपनएसएसएल जोडण्याची लेखी सवलत घ्यावी लागेल. जीएनयू डब्ल्यूगेट या फाइली उतरवून घेणाऱ्या प्रोग्रामने अशी सवलत परवान्यासोबतच दिलेली होती. हक्कधारक अनेक असतील, तर ओपनएसएसएलऐवजी एलजीपीएल 2.1 (जीपीएलचाच सौम्य प्रकार) परवान्याची जीएनयूटीएलएस ही त्याच कामाची लायब्ररी वापरणे मला अधिक व्यवहार्य वाटते. ओपनएसएसएलच्या जुन्या आवृत्तीकडे वळून उपयोग नाही. तिच्या परवान्यातील जाहिरातीविषयीची अटही जीपीएलशी जुळत नव्हती.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या मुख्य घटकांबरोबर सामान्यतः येणाऱ्या लायब्ररींना आवृत्ती 2 चे तिसरे कलम सूट देते, परंतु तो घटक प्रोग्रामसोबतच दिला जात असेल तर ती सूट उरत नाही. आपण ओपनएसएसएल स्वतःच्या इन्स्टॉलरमध्ये घालून दुकानदारांना देणार असाल, तर या कलमाचा आधार मिळणार नाही.