जुनं मॉडेल, पूर्ण किंमत

स्कीचे बूट मागच्या वर्षीचे निघाले म्हणून हळहळू नकोस. बहुतेकदा वर्षागणिक रंगच बदलतो, साचा तोच असतो. पायात नीट बसतात का, ते बघ. आतलं अस्तर काढ, नुसत्या कवचात पाय घाल, बोटं पुढे जेमतेम टेकव. टाचेमागे दीड-दोन सेंटिमीटर जागा उरली, तर माप बरोबर. मी स्वस्तात सैल बूट घेतले होते; अख्खा हंगाम टाच उचलली जायची आणि वळताना स्की ऐकायचीच नाही! दुकानदार अस्तर गरम करून पायाला बसवून देणार असेल, घोट्याशी टोचलं तर कवच तिथे फुगवून देणार असेल, तर पैसे वसूल. तरी थोडी सवलत मागच. आणि सोल ग्रिपवॉकचा, म्हणजे चालायला सोपा असा वक्र सोल असेल, तर तुझ्या बाइंडिंगला, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या खाचेला, चालतो का, हे तिथेच विचारून घे.