लेक शाळेत वेगळ्याच सुरात गाते

न्यू जर्सीहून एका इंदुरी ताईंचं पत्र आलंय. रामबागेतल्या माहेरी सगळे मिळून टीव्हीवर गाण्याचे कार्यक्रम बघायचे, बहिणी-बहिणी एका सुरात गायच्या. तेच जुने भाग आता त्या मुलांना दाखवतात, तर धाकटा दहा मिनिटांत उठून जातो. थोरली शाळेच्या क्वायरमध्ये गाते, पण घरी तोंड उघडलं की आबा इंदूरहून व्हिडिओ कॉलवर म्हणतात, "पोरीचा सूर भलतीकडेच चाललाय."

ताई, आधी ते जुने भाग दाखवणं बंद करा. १९९५ मध्ये झी टीव्हीवर 'सा रे ग म' सुरू झालं, सोनू निगम सूत्रसंचालन करायचा, तेव्हा घरात टीव्ही एकच होता आणि बघायला फार काही नव्हतं. म्हणून सगळे एका खोलीत. जाहिराती लागल्या की बैठकीतच गाणं सुरू व्हायचं, कोणाचा निषाद उतरला यावर वाद व्हायचे. मजा त्या वादात होती. तो वाद यूट्यूबवर सापडत नाही, आणि मुलांना नुसता कार्यक्रम पुरत नाही. शिवाय त्या कार्यक्रमांना धुतल्या तांदळासारखं समजायचं कारण नाही. झी मराठीवरच्या लिटिल चॅम्प्सच्या वेळी, २००८-०९ मध्ये, कार्तिकी, आर्या, मुग्धा, प्रथमेश, रोहित या पाच पोरांवर अख्ख्या घरांनी जीव टाकला, पण एवढ्याशा मुलांना एसएमएसच्या मतांवर तोलणं मला तेव्हाही खुपलं होतं.

आता आबांचं. लेक चुकत नाहीये, ती दुसरा आवाज गातेय, म्हणजे मूळ चालीला जुळणारा वेगळा सूर. आपल्याकडे दोघं गायले तरी सूर एकच. मंगेशकर बहिणींची द्वंद्वगीतंही बहुतेक ओळी वाटून घेऊन गायलेली. तुम्ही राहता त्या देशात मात्र भावंडांनी एकाच वेळी वेगवेगळे सूर लावणं ही टीव्हीवरची घरगुती करमणूक होती. लेनन सिस्टर्स या चार सख्ख्या बहिणी १९५५ च्या नाताळाच्या आदल्या संध्याकाळी लॉरेन्स वेल्क या बँडवाल्याच्या टीव्ही कार्यक्रमात आल्या आणि पुढं कित्येक वर्षं शनिवारी रात्री लोक त्यांना घरबसल्या ऐकत राहिले. सख्ख्यांचे आवाज असे मिसळतात याचं कारण साधं आहे: गळ्याची, तोंडाची ठेवण सारखी आणि लहानपणापासून उच्चारही एकाच घरातले. 'आ' आणि 'ए' दोघं सारखेच उघडतात. परक्या दोघांना यासाठी महिनोन्‌महिने घासावं लागतं, तुमच्या पोरांना ते फुकट मिळालंय.

आबांना हे शब्दांनी पटणार नाही. ते गायक अमीर खाँसाहेबांच्या गावचे, त्यांना तानपुरा ऐकवा. नीट जुळलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'च्या तारेतून गंधार ('ग') आपोआप उमटतो, स्वयंभू गंधार म्हणतात तो. तार लावलीय षड्जाची, जोडीला पंचमाची, आणि वर गंधार ऐकू येतोय. सा-ग-प. हे तीन सूर एकत्र वाजले की लेकीची शिक्षिका त्यालाच मेजर कॉर्ड म्हणते. पण आबांचा कान अगदीच खोटं बोलत नसावा. पियानोचा गंधार तानपुऱ्याच्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, आणि लेक रियाज पियानोवर करते. घरी तिला तानपुऱ्याच्या ॲपवर गाऊ द्या, काळी चार किंवा काळी पाच ही पट्टी लावून.

धाकट्याला यात कसं ओढायचं? भूप राग घ्या. त्यात मध्यम-निषाद नाहीत, त्यामुळे दोन सूर एकत्र आले तरी फारसं खटकत नाही. पलटा सोपा: सारेग, रेगप, गपध, पधसां. थोरली 'गपध'वर पोचली की धाकट्यानं 'सारेग' सुरू करायचं आणि कान बंद न करता आपली ओळ धरून ठेवायची. पहिल्यांदा तो तिच्या मागे वाहत जाईल आणि दोघं हसत सुटतील. हसू द्या. ते जमलं की घरातली आरती घ्या: एकानं चाल, दुसऱ्यानं नुसता षड्ज.

आबांबरोबर कॉलवर एकत्र गायला मात्र जाऊ नका. आवाज पोचायला लागणारा तो क्षणभराचा उशीर तालाचं वाटोळं करतो आणि दोष पुन्हा पोरांवर येतो. आबांनी तानपुऱ्यावर चाल गाऊन रेकॉर्डिंग पाठवावं, मुलांनी त्यावर आपला सूर चढवून परत पाठवावं. गप्पांसाठी तुमची शनिवारची सकाळ बरी. तुमच्याकडे उन्हाळ्यात आठ वाजले असतील तेव्हा इंदुरात साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. आबा चहा पिऊन मोकळे असतात.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत स्टेजवर चढवायची घाई यंदा नको. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही लगेच टाकू नका. काकू-मावश्यांचे अंगठे आले की धाकटा पुढच्या वेळी कॅमेऱ्यासाठी गाईल.

आणि त्याचं वय बारा म्हणता, म्हणजे वर्षा-दोन वर्षांत आवाज फुटेल. त्या महिन्यांत वरच्या सुरांसाठी त्याच्या मागे लागू नका. गळा ताणला जातो आणि पोरं लाजून गाणंच सोडतात. तेवढे दिवस त्याला खालचा षड्ज धरू दे, वरचं लेक सांभाळेल.