मिशनच्या टीमबरोबर एकत्र राहून काम करताना रोजचं आयुष्य कसं असतं? सतत गंभीरच राहावं लागतं का?

गंभीर? पहाटे साडेपाचच्या भक्तीला सात जण डोळे मिटून बसतात, त्यातले तीन झोपलेले असतात. कुणाची प्रार्थना लांबली तर 'आमेन'च्या आधी घोरणं ऐकू येतं.

तुम्ही लिहिलंय की जूनपासून चार महिने गुहागरकडच्या एका ख्रिस्ती सेवा टीममध्ये राहायला जायचंय, घरचे नको म्हणतायत, आणि तुम्हाला स्वतःला धास्ती ही आहे की तिथे हसायलाही बंदी असेल. घरच्यांचं तुम्ही बघा. हसण्याचं मी सांगते, कारण त्या प्रकरणात माझ्यावर एक खोटा आळ आहे आणि तो अजून उतरलेला नाही. आमच्या टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला आजही सगळे 'सुगंधा' म्हणतात. माझं नाव सुगंधा नाही.

२०२२चा पावसाळा. दापोली तालुक्यात, हर्णैच्या पुढे, समुद्राकाठचं एक गाव. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा त्या पट्ट्यातल्या माड-पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या होत्या. नवा माड लावला तर नारळ दिसायला पाच-सात वर्षं जातात, त्यामुळे दोन वर्षांनंतरही आगरं भकासच होती. आम्ही खड्डे खणायचो, रोपं लावायचो, संध्याकाळी मुलांचा अभ्यास घ्यायचो आणि रविवारी पडवीत उपासना. मुक्काम एका आजींच्या घरात. अर्धं घर त्यांचं, अर्धं आम्हाला भाड्याने, चूल आणि मांजरं सामाईक. आजींच्या देव्हाऱ्यात गणपती, आमच्या खोलीत बायबल, आणि चार महिन्यांत भांडण झालं ते फक्त न्हाणीघरातल्या बादलीवरून.

मी नगर जिल्ह्यातली. पहिल्या दिवशी आजी म्हणाल्या, "खळ्यात बसा जरा," तर मी बाजरीचं खळं शोधत घरामागे गेले. तिकडे घरापुढच्या सारवलेल्या अंगणाला खळं म्हणतात. असं रोज काहीतरी व्हायचंच. मणिपूरहून आलेला एक मुलगा होता, त्याला मराठी शिकवायची जबाबदारी माझ्यावर आली. 'पुरे' हा शब्द मी त्याला शिकवायला विसरले, म्हणून आजी वाढत गेल्या आणि तो खात गेला. जुलैअखेर त्याच्या पँटची बटणं मीच शिवून दिली.

आता मूळ प्रकरण.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. हर्णैचा लिलाव थंड, होड्या वर ओढून झापांखाली. त्या दिवसांत घराघरात सुक्या मासळीची बेगमी असते. सुकट-बोंबील आम्हा नगरकरांना नवे नाहीत, पण आम्ही ते आठवडी बाजारातून पावशेर आणतो, कागदाच्या पुडीत. आजींकडे चुलीवरच्या माळ्यावर बोंबलांची एवढी मोठी टोपली. खालून धूर लागत राहिला की बोंबील सादळत नाहीत. मणिपूरचा पोरगा माळ्याखाली उभा राहून डोळे मिटून वास घ्यायचा, त्याच्या घराची आठवण यायची म्हणे. बाकीचे नाक दाबायचो. पंधरा दिवसांत आमची नाकं मेली आणि प्रश्न मिटला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरी गोष्ट कपड्यांची. कोकणातल्या पावसात कपडे वाळत नाहीत, ते फक्त कमी ओले होतात. पडवीत तीन दोऱ्या, सात माणसं, आणि धुण्याच्या पाळ्या भिंतीवर लावलेल्या. त्या शनिवारी पाळी माझी. आमचे टीमप्रमुख, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, त्यांचा रविवारचा एकमेव पांढरा फुल शर्ट मी धुतला. लाल मातीचे डाग लिंबू चोळून काढले, पिळला आणि पडवीतल्या मधल्या दोरीवर टाकला. मधल्या दोरीवर. रात्री वावझड आली, पडवीत आडवा पाऊस. सकाळी बघते तर शर्ट कोरडा खडखडीत, गरम, गादीखाली घडी घातलेला. मला वाटलं, चमत्कार.

उपासनेला अकरा माणसं. एका नर्सबाईंचं कुटुंब, रिटायर्ड मास्तर आणि त्यांच्या बाई, आणि शेजारपाजारचे चार-पाच, जे भजन संपलं की हळूच उठून जायचे. तेव्हाही भजन झालं. ना. वा. टिळकांचं, अभंगाच्या चालीवर. टिळकांचा जन्म दापोलीकडच्याच करजगावचा, १८६१चा, आणि काम केलं आमच्या नगरात, त्यामुळे मी ते जरा जास्तच मोठ्याने म्हणते. आजींनी टाळ घेतले. एकेक शब्द नवा असूनही त्यांचा ठेका कुठे चुकला नाही.

मग दादा उभे राहिले. दादांचा प्रत्येक संदेश बाणकोटपासून सुरू व्हायचा. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी बाणकोटला आले, म्हणजे आपण इथे काही पहिले नाही, वगैरे. आम्हाला पाठ होतं. त्यानंतर दादांनी बायबल उघडलं, करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय दुसरा. विषय: आपण ख्रिस्ताचा सुगंध आहोत.

पहिलं मांजर तेव्हा आलं.

आलं ते थेट दादांच्या पायाशी. अंग घासायला लागलं. दादांनी पायाने हळूच बाजूला सारलं, ते फिरून दुसऱ्या बाजूने आलं. दादा म्हणाले, "सुगंध लपवता येत नाही." दुसरं मांजर आलं. दादा म्हणाले, "माणूस दारात आला की तो आधी पोचतो." पहिल्या मांजराने मागच्या पायांवर उभं राहून बाहीला पंजा घातला. पडवीत इतकी शांतता की पागोळ्या मोजता आल्या असत्या. आणि दारातून आजी म्हणाल्या, अगदी भक्तिभावाने, "खरं बोललात सायबांनु. मघापासनं येतोय. बोंबलाचा."

नर्सबाई आधी फुटल्या. मग मास्तर, जे चार महिन्यांत एकदाही हसलेले आम्ही पाहिले नव्हते. मग कोणीच कोणाला आवरेना. मणिपूरच्या मुलाला काही कळलं नाही, त्याला कुणीतरी कानात हिंदीत सांगितलं, आणि तो बरोब्बर शेवटच्या प्रार्थनेत, सगळे गप्प असताना, एकटाच हसला.

त्या दिवशी शेजारचे पहिल्यांदा चहाला थांबले. एरवी आमच्याकडे बघून 'हे कशाला आलेत' असा चेहरा करणारे गृहस्थ दादांना शर्टाचा वास कशाने जाईल ते सांगत बसले. (कोमट पाण्यात शिकेकाई. जात नाही.)

आणि दादांनी संध्याकाळी मीटिंग घेतली. वचनाचं गांभीर्य गेलं म्हणाले. शर्ट बोंबलाच्या टोपलीवर वाळत घालणं हा हलगर्जीपणा आहे, आणि धुण्याच्या पाळीला नाव कोणाचं आहे ते भिंतीवर लिहिलंय.

तर दादा, तुम्ही हे वाचालच, तुमची मुलगी या साइटवर असते. माळ्यावर जायला शिडी लागते. त्या शिडीची तिसरी पायरी तुटलेली होती आणि माझी उंची चार फूट अकरा इंच आहे. शिवाय जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या माळ्यावरून धामण उतरताना मी पाहिली होती, त्यानंतर मी चुलीजवळसुद्धा आजींना हाक मारून जायचे. मी शर्ट माळ्यावर टाकणं शक्यच नाही. रात्री दोनला "पाऊस आत येतोय, पाऊस आत येतोय" करत पडवीत कोण फिरत होतं? ज्याचा एकच शर्ट होता तो. मणिपूरच्या मुलावर ढकलू नका, तो माळ्यावर फक्त खायला चढायचा. आणि आजींना विचारायचं तर मी मागच्या मे महिन्यात फोन केला होता. त्यांनी विचारलं, जेवतेस का नीट, त्या पोराचं लग्न ठरलं का, आमसुलं पाठवू का. शर्टाचं विचारलं तर म्हणाल्या, "सायेब तर त्या दिवशी लुंगीत होते ना गो?" साक्षीदार बाद.

गांभीर्याबद्दल माझं मत तेव्हा होतं तेच आहे. लोकांच्या पडवीत राहायचं, त्यांच्या चुलीवर भात शिजवायचा आणि त्यांनी आपल्याला हसू नये असं म्हणायचं, याला माझ्याकडे एकच शब्द आहे आणि तो इथे लिहिता येत नाही. मात्र हेही मान्य करते की दादांनीच त्या महिन्यात रोज आमच्यापेक्षा दोन खड्डे जास्त खणले, आणि मला ताप आला तेव्हा रात्री भर पावसात दापोलीहून गोळ्या आणल्या. शर्टाचा मुद्दा वेगळा आहे.

तुमचा प्रश्न राहिलाच. जा. पण जायच्या आधी विचारून घ्या: जेवणाचे पैसे कोण देतं, आठवड्याची सुट्टी खरी आहे की कागदावर, मुलींच्या खोलीला आतून कडी आहे का. आमच्याकडे नव्हती, आम्ही पहिल्या आठवड्यात बसवून घेतली. उत्तर देताना कुणी 'विश्वास ठेवा' एवढंच म्हणालं तर जाऊ नका. मोबाइलची रेंज सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, गेल्याशिवाय मिळत नाही असं धरून चाला आणि घरी तसं आधीच सांगून ठेवा, नाहीतर आई रडते. सगळ्या टीम आमच्यासारख्या असतात असंही नाही. माझ्या मावसबहिणीला फार वाईट अनुभव आला, पण तो तिचा, तिने सांगायचा.

सोबत दहा मीटर नायलॉनची दोरी, दोन डझन चिमटे आणि एक मार्कर न्या. दोरीवर स्वतःचं नाव घाला. आणि कपडे वाळत टाकले की फोटो काढून ठेवा, तारीख-वेळेसकट.